कोल्हापूर ते नाशिक : विमानतळांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूर आणि नाशिक या दोन विमानतळांमधील हवाई अंतर किती आहे?

कोल्हापूरचा छत्रपती राजाराम महाराज विमानतळ आणि नाशिकचा ओझर येथील विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ३८४ किलोमीटर आहे. मैलांत ते २३९ आणि वैमानिक ज्या मापाने मोजतात त्या सागरी मैलांत साधारण २०८ इतके भरते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार कोल्हापूरची तिकिटावरील खूण केएलएच, तर नाशिकची आयएसके आहे.

काही संकेतस्थळांवर हेच अंतर ३८६ किलोमीटर किंवा ३६८ किलोमीटर असे का दिसते?

दोन्ही आकड्यांची कारणे वेगवेगळी आहेत. पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अचूक गोल आहे असे गृहीत धरून हिशेब केला, तर उत्तर ३८६ येते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे लक्षात घेऊन केला, तर ते ३८४ येते. हा मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर आहे आणि आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश गोलाच्या हिशेबाने १११.२ किलोमीटरचा, तर प्रत्यक्षात सुमारे ११०.७ किलोमीटरचा असतो. साडेतीन अंशांत त्या फरकाचे दोन किलोमीटर होतात. प्रवाशाच्या दृष्टीने या फरकाला काहीही महत्त्व नाही.

३६८ हा आकडा मात्र शहर ते शहर अंतराचा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, म्हणजे शहराच्या आग्नेयेला आहे. नाशिकचा विमानतळ ओझरजवळ जानोरीच्या शिवारात, म्हणजे शहराच्या ईशान्येला आहे. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून दूरच्या बाजूला पडल्यामुळे विमानाला दोन शहरांमधील अंतरापेक्षा सोळा-सतरा किलोमीटर अधिक उडावे लागते, आणि प्रवाशाला जमिनीवरून आधी उलट्या दिशेने जाऊन, उतरल्यावर पुन्हा माघारी यावे लागते. लहान पल्ल्याच्या प्रवासात ही गोष्ट वाटते त्याहून अधिक जाणवते.

‘सरळ अंतर’ म्हणजे नेमके काय?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट, जिला भूगोलाच्या पुस्तकांत बृहद्वृत्ताचा चाप म्हणतात. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या मार्गावर हा चाप सपाट नकाशावर चांगलाच वाकलेला दिसतो. कोल्हापूर ते नाशिक इतक्या पल्ल्यात तो आणि पट्टीने ओढलेली रेघ यांत डोळ्यांना फरक दिसणार नाही.

ही सरळ रेषा कोणत्या भागावरून जाते?

कोल्हापूरहून निघताना दिशा उत्तरेपासून जेमतेम सहा अंश पश्चिमेकडे झुकलेली असते. रेषा कराडच्या किंचित पूर्वेकडून जाते आणि सातारा शहर डावीकडे सुमारे १९ किलोमीटरवर राहते. पुढे सासवड आणि जेजुरी यांच्यामधून जाताना निम्मे अंतर संपते. पुरंदर तालुक्यातील प्रस्तावित विमानतळाची जागा याच पट्ट्यात आहे, हा योगायोग म्हणावा लागेल. त्यानंतर लोहगाव सतरा-अठरा किलोमीटर पश्चिमेला ठेवून रेषा नारायणगावच्या पूर्वेस खोडदजवळ येते. तेथील विशाल रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती समूह रेषेपासून तीनेक किलोमीटरवरच आहे. शेवटी सिन्नरच्या पश्चिमेकडून ती ओझरला पोहोचते.

ही कागदावरची रेषा आहे, हे विसरू नये. प्रत्यक्ष विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते, आणि पुण्याजवळचे लोहगाव हे वायुदलाचे विमानतळ असल्याने तेथील हवाई हद्दीत नियंत्रण कक्ष सांगेल त्याप्रमाणे वळण घ्यावे लागते. उडालेले अंतर सरळ अंतरापेक्षा पाच ते दहा टक्के अधिक भरणे हे लहान पल्ल्यावर नेहमीचेच आहे.

विमानाला किती वेळ लागतो?

विमान कोणते, यावर ते ठरते. प्रादेशिक मार्गांवर सर्वाधिक दिसणारे एटीआर ७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. नुसता भागाकार केला तर ४६ मिनिटे येतात. परंतु चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो, त्यामुळे चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत ५५ मिनिटे ते एक तास धरावा. एम्ब्रेअरसारखे लहान जेट विमान हेच अंतर ४० ते ४५ मिनिटांत कापू शकेल. ताशी २३० किलोमीटर वेगाच्या हेलिकॉप्टरला एक तास चाळीस मिनिटे लागतील.

जेटचा वेग एटीआरच्या दीडपटीहून अधिक असूनही वाचतात ती अवघी बारा-पंधरा मिनिटे. १० हजार फुटांखाली विमानांना साधारणपणे ताशी २५० सागरी मैलांची, म्हणजे ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा असते, आणि एवढ्या छोट्या प्रवासात जेट पूर्ण उंचीवर जाऊन स्थिरावते न स्थिरावते तोच उतरणीला लागते. म्हणून अशा मार्गांवर विमान कंपन्या इंधन कमी खाणारे एटीआर पसंत करतात, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

संकेतस्थळावर ‘उड्डाणाचा वेळ ५६ मिनिटे’ असे दिसते. याचा अर्थ थेट विमान उपलब्ध आहे असा होतो का?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी होतो. अंतर मोजणारी संकेतस्थळे दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात, अंतर काढतात, त्याला एका ठरावीक वेगाने भागतात आणि उड्डाण-अवतरणासाठी काही मिनिटे मिळवून उत्तर छापतात. त्या दोन विमानतळांमध्ये आज विमान जाते की नाही, पूर्वी कधी गेले होते की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसतो. जगातील कोणत्याही दोन धावपट्ट्यांमधील ‘उड्डाणाचा वेळ’ ही संकेतस्थळे तितक्याच आत्मविश्वासाने सांगतील.

थेट विमानाची खात्री फक्त विमान कंपनीच्या आरक्षणाच्या पानावर, आपल्या नेमक्या तारखेला तिकीट मिळते का हे पाहूनच करावी. वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी, तर हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. प्रादेशिक मार्गांवरील विमाने अनेकदा आठवड्याचे सगळे दिवस नसतात. त्यामुळे मंगळवारी दिसलेले विमान बुधवारी दिसले नाही, तर मार्ग बंद पडला असा निष्कर्ष काढू नये.

थेट विमान नसेल तर हवाई मार्गाने जाता येते का?

येते, पण जाण्यात अर्थ आहे का, हा खरा प्रश्न आहे. दोन्ही विमानतळ हैदराबादशी जोडले गेलेले आहेत, त्यामुळे आरक्षणाची संकेतस्थळे बहुधा तो पर्याय पुढे करतात. कोल्हापूर ते हैदराबाद सुमारे ४४५ किलोमीटर आणि हैदराबाद ते नाशिक सुमारे ५७५ किलोमीटर, असे एकूण हजार किलोमीटरहून थोडे अधिक अंतर होते. सरळ अंतराच्या अडीचपटीहून हे जास्त आहे. बेंगळुरूमार्गे गेल्यास तर ते १,४०० किलोमीटरच्या आसपास जाते. दोन उड्डाणे, मधला थांबा आणि दोन्ही टोकांचा वेळ मिळून दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो आणि भाडेही दोन तिकिटांचे लागते.

आमचे स्पष्ट मत असे की, केवळ कोल्हापूरहून नाशिकला पोहोचायचे असेल, तर हैदराबादचा वळसा घेऊ नये. हैदराबादेत काही काम असेल तर गोष्ट वेगळी. तो मार्ग घेणारच असाल, तर दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात घ्यावीत. वेगवेगळी तिकिटे काढल्यास पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर ती जबाबदारी प्रवाशाची ठरते, आणि सामानही मध्ये उतरवून पुन्हा द्यावे लागते.

रस्त्याने आणि रेल्वेने किती वेळ लागतो?

रस्त्याने पुण्यामार्गे अंतर सुमारे ४४० किलोमीटर आहे. त्यात कोल्हापूर ते पुणे २३० आणि पुणे ते नाशिक २१० असे साधारण दोन भाग पडतात. पुणे शहराभोवतीच्या आणि चाकणच्या गर्दीसह साडेआठ ते साडेनऊ तास धरणे वास्तवाला धरून होईल.

येथे एक गोष्ट नजरेत भरते. हवाई अंतर ३८४ आणि रस्ता ४४०, म्हणजे रस्ता फक्त सुमारे १५ टक्क्यांनी लांब आहे. पुणे–बेंगळुरू महामार्ग आणि पुणे–नाशिक महामार्ग हे दोन्ही त्या सरळ रेषेला बिलगूनच जातात. घाट उतरून कोकणात जाणाऱ्या मार्गांचे तसे नसते. कोल्हापूर ते सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ हे हवाई अंतर जेमतेम ११० किलोमीटर आहे, पण सह्याद्री ओलांडणारा रस्ता त्याहून कितीतरी वळणावळणाचा आहे.

रेल्वेचे चित्र निराळे आहे. पुणे ते नाशिक असा थेट लोहमार्ग नसल्यामुळे कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड आणि अहिल्यानगरमार्गे मनमाडला जाते व तेथून जळगाव-नागपूरच्या दिशेने वळते. नाशिक रोड तिच्या वाटेवर नाही. मनमाडला उतरून दुसरी गाडी किंवा बस धरावी लागते.

घरापासून घरापर्यंत विचार केला तर विमानाने खरोखर किती वेळ वाचतो?

समजा, थेट विमान आहे आणि ते वेळेवर आहे. कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीला पोहोचायला अर्धा तास लागतो. चेक-इनची खिडकी उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचणे शहाणपणाचे. विमानात दारे लागल्यापासून उघडेपर्यंत सव्वा तास, सामान मिळायला पंधरा-वीस मिनिटे आणि ओझरहून मुंबई–आग्रा महामार्गाने नाशिक शहरात यायला पाऊण तास. बेरीज सव्वाचार तासांच्या आसपास जाते. म्हणजे रस्त्याच्या तुलनेत निम्म्याहून थोडा अधिक वेळ वाचतो, पण ५६ मिनिटांचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून जो निघेल त्याची निराशा होईल. हवेतला वेळ हा एकूण प्रवासाच्या जेमतेम चौथा हिस्सा आहे.

रात्रीची शयनयान बस झोपेच्या वेळातच हे अंतर काढते, ही बाब या हिशेबात कुठेच दिसत नाही. ज्यांना बसमध्ये झोप लागते त्यांच्यासाठी ती आजही तुल्यबळ पर्याय आहे. गुडघेदुखीचे प्रवासी, लहान मुले आणि त्याच दिवशी परतू पाहणारे यांच्यासाठी मात्र विमानाला तोड नाही.

जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत फरक पडतो का?

या मार्गावर जवळजवळ पडत नाही. आपल्याकडचे प्रमुख वारे पूर्व-पश्चिम दिशेने वाहतात. पावसाळ्यात खालच्या थरांत नैऋत्य-पश्चिमेकडून जोरदार वारा असतो, हिवाळ्यात उंचावर पश्चिमी वारे असतात. मार्ग दक्षिणोत्तर असल्याने हे वारे बहुतांशी आडवे लागतात. ताशी ६० किलोमीटरचा पूर्ण आडवा वारा असेल, तर ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानाचा जमिनीवरील वेग ४९६ वर येतो, म्हणजे या पल्ल्यात वीस-पंचवीस सेकंदांचा फरक. हाच वारा नाशिक–नागपूरसारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर, जेथे अंतर सुमारे ५४५ किलोमीटर आहे, जाताना पाठीशी आणि येताना समोर येऊन एकूण सोळा मिनिटांचा फरक पाडू शकतो.

मार्ग दक्षिणोत्तर, पण दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या मात्र ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहेत. ती रचना वाऱ्याला धरूनच असते, कारण विमानाला उडताना आणि उतरताना समोरून वारा हवा असतो. परिणामी कोल्हापूरहून उडाल्यावर विमान आधी पूर्वेला किंवा पश्चिमेला जाते आणि मग काटकोनात उत्तरेकडे वळते. ओझरला उतरताना पुन्हा तसेच. वेळापत्रकातील काही मिनिटे या दोन वळणांत जातात.

तिकिटावर दिलेला वेळ कोणता असतो, आणि तो हवेतील वेळेपेक्षा जास्त का असतो?

तिकिटावरील वेळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो. विमान क्षेत्रात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उड्डाण, अवतरण आणि परत उभ्या जागी येणे हे सारे धरलेले असते. वर थोडी सूटही ठेवलेली असते, म्हणूनच उशिरा सुटलेले विमान कधी कधी वेळेवर पोहोचते.

या वेळेला नियमांतही स्थान आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द झाल्यास परताव्याशिवाय जी भरपाई द्यायची, तिची मर्यादा ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये आणि एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतील जी रक्कम कमी असेल ती. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ही भरपाई लागू होत नाही. त्यामुळे या पल्ल्याच्या उड्डाणात ५५ मिनिटे छापली आहेत की ७०, याकडे लक्ष असावे.

या मार्गावर मोठे विमान का येत नाही?

लहान धावपट्टी विमानाचा आकार ठरवते. ओझरचा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा आहे. १९६४ मध्ये येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमाने येथेच तयार झाली, आणि अशा कामासाठी बांधलेली धावपट्टी ३ हजार मीटर लांब आहे. प्रवाशांसाठीची इमारत तेथे २०१४ मध्ये आली. कोल्हापूरचा विमानतळ संस्थानी काळातला. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये तो सुरू झाला, आणि नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. धावपट्टी टप्प्याटप्प्याने वाढवली गेली असली, तरी ती ओझरपेक्षा बरीच आखूड आहे. शिवाय दोन्ही विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवा तापून विरळ होते, विमानाला उडण्यासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते, आणि आखूड धावपट्टीवर त्याचा भार कमी ठेवावा लागतो.

‘उडान’ योजनेत २,५०० रुपयांत तिकीट मिळते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये धोरण जाहीर झाले आणि एप्रिल २०१७ मध्ये सिमला–दिल्ली मार्गावर पहिले उड्डाण झाले, तेव्हा साधारण एक तासाच्या, सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती विमानातील ठरावीक जागांनाच लागू होती, उरलेल्या जागा बाजारभावाने विकल्या जात. मर्यादा पुढे वेळोवेळी बदलत गेली. योजनेत कंपनीला मिळणारे अनुदान साधारण तीन वर्षांचे असते. ती मुदत संपली की तोट्यातील मार्ग बंद करायला कंपनी मोकळी होते, आणि लहान विमानतळांवरील विमाने येत-जात राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

प्रवासासाठी कोणती वेळ आणि कोणता हंगाम बरा?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी फार लवकरचे विमान टाळून. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूर परिसरात ढग खाली उतरतात आणि दृश्यमानता घटून विमाने उशिरा येतात किंवा दुसरीकडे वळवली जातात. हिवाळ्यात नाशिककडे पहाटे धुके असू शकते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या विमानाला तापलेल्या हवेचे धक्के बसतात. त्यात धोका नसतो, पण पोट नाजूक असणाऱ्यांनी सकाळ निवडावी. २०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात जाणार असाल, तर भाडे आणि ओझर ते शहर या रस्त्याचा वेळ, दोन्ही वाढवून धरावेत.

खिडकीची कोणती जागा घ्यावी?

कोल्हापूरहून नाशिकला जाताना डावीकडची, म्हणजे ए अक्षराची. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असल्याने खालचे दृश्य मोकळे दिसते. हवा स्वच्छ असेल, तर कराडजवळ कृष्णा-कोयनेचा संगम, मग दूरवर सह्याद्रीची कड, आणि शेवटच्या टप्प्यात १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईचा परिसर त्याच बाजूला येतो. सकाळचे ऊन उजवीकडून असते, त्यामुळे डावीकडे डोळे दिपत नाहीत. परतीच्या प्रवासात अर्थातच उजवी बाजू घ्यावी. एटीआरमध्ये चढण्याचे दार मागच्या बाजूला असते, तेव्हा लवकर उतरायचे असेल तर मागची रांग सोयीची. वरचे कप्पे लहान असतात. चाकांची कडक बॅग त्यात बसेलच असे नाही.

दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत फरक असतो का?

नाही. संपूर्ण भारतात एकच प्रमाणवेळ आहे. सूर्याच्या हिशेबाने ओझरची माध्यान्ह कोल्हापूरच्या दीड मिनिट मागे असते, एवढेच.